ब्रोकोलींच्या घरातला बाँड : ‘ईऑन’ची वाटचाल

२० फेब्रुवारी २०२५ रोजी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. जेम्स बाँडच्या चित्रपटांचे सर्जनशील नियंत्रण यापुढे अ‍ॅमेझॉन एमजीएम या कंपनीकडे राहील, असे त्यात म्हटले होते. मायकेल जी. विल्सन आणि बार्बरा ब्रोकोली ही एका आईची दोन मुले हक्कांची सहमालक म्हणून राहतील, पण बाँड कोण होणार, तो कुठे जाणार, काय करणार, हे आता दुसरे ठरवतील. चार वर्षे अडकून पडलेला बाँड परत येणार हे कळल्यावर आनंद झाला, आणि त्याच बातमीने पोटात खड्डाही पडला. मी ज्याचा भक्त आहे तो ००७ क्रमांकाचा गुप्तहेर तर आहेच, पण त्याहून अधिक मी त्याला घडवणाऱ्या लंडनच्या त्या छोट्या संस्थेचा भक्त आहे. म्हणून आज तिची वाटचाल लिहावीशी वाटते.

संस्थेचे नाव ईऑन प्रॉडक्शन्स. इयन फ्लेमिंग यांची पहिली बाँड कादंबरी १९५३ ची. ती आणि पुढच्या कादंबऱ्या ते जमैकातल्या आपल्या ‘गोल्डनआय’ या घरी बसून लिहीत. नायकाचे नावही त्यांनी वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांवरच्या एका पुस्तकावरून, त्याच्या लेखकाचे उचलले. १९६१ पर्यंत कादंबऱ्या खपत होत्या, पण पडद्यावर बाँडला कुणी धड उभे केले नव्हते. चित्रपटाचे हक्क कॅनडात जन्मलेल्या हॅरी सॉल्ट्झमन यांच्याकडे होते आणि उभारणीची ओढ न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ब्रोकोली यांच्याकडे. त्यांना सगळे ‘कबी’ म्हणत. दोघांनी भागीदारी केली. हक्क सांभाळण्यासाठी त्यांनी एक कंपनी काढली आणि आपापल्या पत्नीच्या, डेना आणि जॅकलिन यांच्या, नावातली अक्षरे जोडून तिला ‘डॅन्जॅक’ म्हटले. चित्रपट काढण्यासाठी ईऑन. पैसा युनायटेड आर्टिस्ट्सचा, तोही बेताचाच : ‘डॉ. नो’साठी सुमारे दहा लाख डॉलर.

५ ऑक्टोबर १९६२ ला लंडनमध्ये ‘डॉ. नो’चा पहिला खेळ झाला. आज तो पुन्हा पाहताना बाँड झालेल्या शॉन कॉनरीच्या रुबाबाइतकेच माझे लक्ष एका रिकाम्या खोलीकडे जाते. प्राध्यापक डेंट खलनायकाला भेटायला येतो. खोलीत जवळजवळ काहीच नाही. एक खुर्ची, तिरपे उतरत गेलेले छत, त्या छतात एक मोठे वर्तुळ आणि वर्तुळावर जाळी. जाळीची सावली जमिनीभर पसरलेली. खलनायक दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. डेंट पुढे जातो आणि छोट्या टेबलावर ठेवलेला विषारी कोळ्याचा पिंजरा उचलतो. ही खोली केन अ‍ॅडम यांची. ते बर्लिनमध्ये ज्यू घरात जन्मले, नाझींच्या काळात कुटुंबासह इंग्लंडला आले आणि पुढे ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. मोजक्या पैशांत, भिंती आणि उजेड यांच्या जोरावर त्यांनी भीती उभी केली. पुढची कितीतरी वर्षे जगभरच्या खलनायकांचे अड्डे या खोलीच्या वळणावर बांधले गेले.

तीच गोष्ट त्या सुप्रसिद्ध धूनची. मॉन्टी नॉर्मन यांनी व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरच्या संगीतिकेसाठी एक गाणे बांधले होते. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या माणसांची ती कथा, म्हणून चालीलाही भारतीय वळण, सतारीची आठवण देणारे. ती चाल नॉर्मन यांच्याकडे पडून होती. बाँडसाठी त्यांनी ती बाहेर काढली, तिचे सूर तोडून गिटारवर घेतले आणि जॉन बॅरी यांनी त्याला वाद्यवृंदाचा तो धडाका दिला. लंडनच्या गुप्तहेराची ओळख सांगणारे सूर मुळात ऊसमळ्यांवर नेलेल्या आपल्या माणसांच्या गोष्टीतून आले, हे समजल्यापासून मी ती धून वेगळ्या कानांनी ऐकतो.

पहिली दहा वर्षे बहराची. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’, ‘गोल्डफिंगर’, ‘थंडरबॉल’ एकामागून एक आले. १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी पाइनवूड स्टुडिओत अख्ख्या ज्वालामुखीचे पोट उभारले, आणि त्या एका सेटवर ‘डॉ. नो’च्या साऱ्या खर्चाइतका पैसा ओतला. कॉनरी निघून गेले तेव्हा १९६९ मध्ये जॉर्ज लेझनबी या ऑस्ट्रेलियन मॉडेलला घेऊन ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ काढला. त्यात बाँड लग्न करतो आणि लग्नाच्याच दिवशी त्याची बायको मारली जाते. मारधाडीच्या मालिकेचा एक चित्रपट नायकाच्या मांडीवर मेलेल्या बायकोपाशी संपवायचा, हे धाडस त्या काळी कुणाला सुचले नसते. माझ्या लेखी आजवरचा सर्वोत्तम बाँडपट तोच.

१९७५ मध्ये सॉल्ट्झमन आर्थिक अडचणीत आले आणि आपला वाटा विकून बाहेर पडले. आता धुरा एकट्या कबींवर. १९७६ मध्ये त्यांनी पाइनवूडला ‘००७ स्टेज’ नावाचे भव्य दालन बांधले आणि १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ड मी’ने टीकाकारांची तोंडे बंद केली. रॉजर मूर बाँड होते तो हा काळ मला तितकासा भिडत नाही. पण त्यातला एक चित्रपट आपल्या अंगणात घडला, त्यामुळे तो टाळून पुढे जाता येत नाही.

‘ऑक्टोपसी’ १९८३ चा, भारतातले चित्रीकरण उदयपूरचे. पिछोला तलावातला लेक पॅलेस, डोंगरावरचे सज्जनगड, गल्लीबोळांतून सुसाट सुटलेली रिक्षा. खलनायकाचा उजवा हात कबीर बेदी आणि बाँडचा साथीदार टेनिसपटू विजय अमृतराज. आमच्याकडे तो भाड्याच्या कॅसेटवर आला, आणि अमृतराज यांनी रॅकेटने गुंडांना झोडपले तेव्हा घरात टाळ्या पडल्या. त्याच वेळी खिळ्यांवर झोपणारे साधू, निखाऱ्यांवर चालणारे, तलवार गिळणारे असे सगळे एकाच बाजारात पाहून मोठी माणसे गप्प झाली. बाँड जुगारात जिंकलेल्या नोटा भारतीय साथीदाराच्या हातात ठेवतो आणि वर करीवरून शेरा मारतो. तो शेरा मला आजही लागतो. याच चित्रपटात अमृतराज गारुड्याच्या वेषात पुंगीवर बाँडची धून वाजवतात. सूर ज्या संगीतिकेतून आले, ती भारतीय माणसांना माणूस म्हणून पाहत होती. त्या सुरांना मायदेशी आणले तेव्हा मात्र नजर कचकड्याच्या भारताकडे होती. ईऑनवर माझे प्रेम आहे म्हणून ही खंत झाकून ठेवावी, असे मला वाटत नाही. बायकांशी बाँड जसा वागला तेही तसेच : ‘गोल्डफिंगर’मधला गवताच्या कोठारातला प्रसंग आज डोळे मिटूनच पार करावा लागतो.

बाँड म्हणून टिमोथी डाल्टन यांचे दोन चित्रपट झाले आणि १९८९ नंतर संस्था कोर्टकचेऱ्यांत अडकली. बाँडपटांत भागीदार असलेल्या एमजीएम स्टुडिओची मालकी या हातातून त्या हातात जात होती, हक्कांवरून दावे चालू होते. सहा वर्षे पडद्यावर बाँड नाही. बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ मोडला, तेव्हा ब्रिटिश गुप्तहेराचे आता कामच काय, असे पुष्कळांनी लिहिले. १९९५ मध्ये ‘गोल्डनआय’ आला. पाइनवूड मिळाले नाही म्हणून लीव्ह्सडन इथल्या जुन्या विमान कारखान्यात सेट लावले. पिअर्स ब्रॉस्नन नवा बाँड आणि जुडी डेंच त्याच्या वरिष्ठ. या बाई पहिल्याच मोठ्या प्रसंगात बाँडला शीतयुद्धाचा उरलेला अवशेष म्हणून तोंडावर सुनावतात. लोक जे बाहेर बोलत होते ते ईऑनने स्वतःच्या चित्रपटात, स्वतःच्या नायकासमोर बोलून दाखवले. पुढच्याच वर्षी कबी गेले. तोवर कारभार कन्या बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल यांच्या हाती आला होता.

या बहीणभावंडांच्या काळाला मी ईऑनचे सुवर्णयुग म्हणेन, जरी पहिली काही वर्षे तशी नव्हती. २००२ च्या ‘डाय अनदर डे’त अदृश्य होणारी मोटार होती. गल्ला चांगला जमला होता, तोच प्रकार आणखी दोनदा सहज खपला असता. पण १९९९ च्या एका तडजोडीत ‘कॅसिनो रॉयल’ या पहिल्या कादंबरीचे हक्क अखेर हाती आले होते. दोघांनी चालते गाडे थांबवले आणि बाँड नुकताच ००७ होतो तिथून गोष्ट पुन्हा सुरू केली. डॅनिअल क्रेग यांची निवड जाहीर झाली तेव्हा चाहत्यांनी गहजब केला. केस पिवळट, उंची कमी, चेहरा राकट. बहिष्काराच्या हाका दिल्या गेल्या. बार्बरा ब्रोकोली हलल्या नाहीत. २००६ मध्ये चित्रपट आला आणि शंका घेणारे गप्प झाले. २०१२ च्या ‘स्कायफॉल’ने १०० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला. २०१५ चा ‘स्पेक्टर’ इथे लागला तेव्हा आपल्या सेन्सॉर मंडळाने त्यातली चुंबने निम्म्यावर आणली, एवढीच त्याची माझ्या मनातली ठळक आठवण.

पेणच्या जुन्या कारखान्यात गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी असते, माती कालवणारे हातही बदलतात, पण डोळ्यांची आखणी घरातलाच माणूस करतो. ईऑनमध्ये तसेच होते. दिग्दर्शक आले-गेले, सहा नट झाले, शेवटचा होकार किंवा नकार मात्र घरातला. हे घर सोवळे होते असे नाही. १९९१ मध्ये बाँडच्या पुतण्याची कार्टून मालिका निघाली होती, ‘जिंक्स’ या पात्राचा स्वतंत्र चित्रपटही विचाराधीन होता. तरीही साठ वर्षांत मुख्य मालिकेत २५ चित्रपट काढायचे आणि दोन चित्रपटांमध्ये प्रेक्षकाला ताटकळत ठेवायचे, हा संयम आजच्या धंद्यात दुर्मीळ आहे.

पंचविसावा ‘नो टाइम टू डाय’. करोनामुळे दीड वर्ष रखडून तो २०२१ च्या सप्टेंबरअखेर प्रदर्शित झाला. त्यात बाँड मरतो. क्षेपणास्त्रे येत असताना तो बेटावर उभा राहतो, आणि चित्रपटाच्या अखेरीस लेझनबीच्या चित्रपटातले सूर पुन्हा ऐकू येतात. १९६९ चे ऋण ५२ वर्षांनी फेडले गेले. थिएटरात शेजारी कुणी उठले नाही. श्रेयनामावली संपल्यावर पडद्यावर नेहमीची ओळ आली, जेम्स बाँड परत येईल. मेलेला माणूस कसा परतणार, याचे उत्तर ब्रोकोलींनी शोधायचे होते. ते त्यांच्याकडून आता कधीच कळणार नाही, याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

कारण मधल्या काळात जमीन सरकली होती. अ‍ॅमेझॉनने एमजीएम ८४५ कोटी डॉलरला विकत घेतली, २०२२ च्या मार्चमध्ये व्यवहार पुरा झाला, आणि ईऑनच्या शेजारी एक असा भागीदार येऊन बसला ज्याला दर महिन्याला घरोघरच्या पडद्यावर काहीतरी नवे लागते. विल्सन यांनी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी निवृत्ती घेतली. नव्या निर्मात्यांची नावे जाहीर झाली, एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन. ‘कॅसिनो रॉयल’ निघाला तेव्हा सोनीच्या स्टुडिओची सूत्रे पास्कल यांच्याकडे होती, आणि हॅरी पॉटरचे सगळे चित्रपट हेमन यांनी एका सूत्रात ठेवले. दिग्दर्शनाला डनी विल्नव्ह, लेखनाला ‘पीकी ब्लाइंडर्स’चे स्टीव्हन नाइट.

विल्नव्ह यांचे नाव वाचून माझी उमेद वाढली. ते लहानपणी वडिलांबरोबर बाँडपट पाहत मोठे झाले, असे त्यांनीच सांगितले आहे. दुसऱ्याची गाजलेली कलाकृती पुढे कशी न्यावी, हे त्यांनी २०१७ च्या ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये दाखवले. तिथे त्यांनी जुन्या चित्रपटाची नक्कल केली नाही आणि त्याला धक्काही लावला नाही. केन अ‍ॅडमच्या त्या रिकाम्या खोलीची ताकद ओळखणारा आजचा दिग्दर्शक कोण, असे विचारले तर मी त्यांचेच नाव घेईन. त्यामुळे चित्रपट चांगला होईल याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. काळजी त्याच्या नंतरची आहे : बाँडपटांतल्या दुय्यम पात्रांच्या मालिका, मनीपेनीची एक, तरुण क्यूची एक, आणि दर दिवाळीला एक बाँड. चाहत्याला हवे ते सगळे देणारा मालक चाहत्याच्या भल्याचा असतोच असे नाही. क्रेगच्या वेळी आमचे ऐकले असते तर ‘कॅसिनो रॉयल’ झालाच नसता.

मी पहिल्या दिवशी तिकीट काढणार आहे. नव्या मालकांना एकच विनंती. कबी गेल्यानंतरही प्रत्येक बाँडपटाच्या सुरुवातीला ‘अल्बर्ट आर. ब्रोकोली यांचे ईऑन प्रॉडक्शन्स’ अशी ओळ येत राहिली. सव्विसाव्या चित्रपटात ती काढू नका.