जपानी हातकागदाचा व्यापार
जपानी हातकागदाचा व्यापार : जपानमध्ये हाताने तयार होणाऱ्या कागदाचा (वाशी) व्यापार आणि त्या निमित्ताने कारागीर, मध्यस्थ व ग्राहक यांच्यात जुळलेले संबंध. निहोन शोकी (७२०) या इतिवृत्तात कोरियातून ६१० मध्ये आलेला दोन्चो हा भिक्षू कागद व शाई तयार करण्यात निपुण असल्याची नोंद आहे. त्यावरून तोच या कलेचा आद्य प्रवर्तक, असा समज रूढ झाला. ग्रंथात मात्र तसे म्हटलेले नाही.

कोझो, मित्सुमाता व गाम्पी या झुडपांच्या अंतर्सालीपासून हा कागद होतो. धागे पाण्यात सारखे पसरावेत म्हणून भेंडीच्या कुळातील तोरोरो-आओइ या वनस्पतीच्या मुळांचा चिकट द्रव लगद्यात मिसळतात. हा द्रव उष्णतेने लवकर पातळ होतो; त्यामुळे थंडीचे दिवस या कामास उत्तम. शेती बंद असताना डोंगराळ खेड्यांतील कुटुंबे कागद करीत. एचिझेन, मिनो, तोसा व इवामी हे प्रांत त्यासाठी प्रसिद्ध होते.

तोकुगावा काळात (१६०३–१८६८) कागद हे सरंजामदारांच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनले. काही सरदारांनी त्याची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. ठरलेल्या दराने कागद घेऊन तो ओसाका येथील वखारींत पाठविला जाई. खुल्या बाजारातील भाव कारागिराच्या हाती पडत नसे. तोसा प्रांतात या पद्धतीविरुद्ध १७५५ मध्ये त्सुनोयामा भागात उठाव झाला. १७८७ मध्ये इकेगावा परिसरातील शेकडो कागद-कारागीर शेतकरी गावे सोडून शेजारच्या इयो प्रांतात गेले आणि त्यांनी तेथील दाइहोजी मंदिराचा आश्रय घेतला. या व्यापाराच्या इतिहासात कारागिरांनी स्वतः होऊन केलेला हा प्रवास अधिक बोलका आहे. याउलट, इवामीतील कागद-व्यापारी कुनिसाकी जिहेइ याने लिहिलेल्या कामीसुकी चोहोकी (१७९८) या सचित्र पुस्तकात साल काढण्यापासून कागद विक्रीस जाईपर्यंतचे श्रम जिव्हाळ्याने वर्णिले आहेत.

यूरोपशी संबंध देशिमा येथील डच वखारीमार्फत आला. रेम्ब्रँटने १६४७ च्या सुमारापासून आपली काही अम्लरेखने जपानी कागदावर छापली. परंतु तो कागद कोणत्या खेड्यातला, हे यूरोपात कोणी विचारल्याचे दिसत नाही. वखारीतील वैद्य एंगेलबर्ट केंप्फर याने एडोपर्यंत दोनदा (१६९१ व १६९२) प्रवास केला. कागद करण्याच्या कृतीचे त्याने केलेले वर्णन १७१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या इच्छेवरून राजदूत हॅरी पार्क्स याने वकिलातींमार्फत माहिती मिळवून चारशेहून अधिक नमुने लंडनला पाठविले व त्यांवरील अहवाल १८७१ मध्ये पार्लमेंटपुढे आला. हा संग्रह मुख्यत्वे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात आहे.

निर्यात वाढविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी तोसा येथील योशिई गेंता (१८२६–१९०८) याचे. एका वेळी अनेक ताव काढता येतील असा मोठा साचा त्याने १८६० च्या सुमारास तयार केला आणि ही युक्ती स्वतःपुरती न ठेवता इतर प्रांतांतील कारागिरांनाही शिकविली. अतिशय पातळ अशा तोसा तेंगुजो कागदाला पाश्चात्त्य देशांत स्टेन्सिलसाठी मोठी मागणी आली. १९०१ मध्ये जपानमध्ये हातकागद करणारी ६८,००० हून अधिक कुटुंबे होती. यंत्राच्या कागदापुढे ती टिकली नाहीत. एकविसाव्या शतकात त्यांची संख्या काही शेकड्यांवर आली.

या ऱ्हासकाळातच ग्राहक कारागिराच्या दारी जाऊ लागला. लोककला चळवळीचे प्रणेते यानागी सोएत्सु यांनी १९३१ मध्ये मात्सुए येथे आबे एइशिरो यांचा गाम्पी कागद पाहून त्याची प्रशंसा केली. आबे यांना १९६८ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय संपत्ती’ म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकन मुद्रक डार्ड हंटर १९३३ मध्ये जपान, कोरिया व चीन येथील कारागिरांकडे गेला आणि १९३६ च्या आपल्या ग्रंथास त्याने प्रत्यक्ष कागदांचे नमुने जोडले. भारतीय हातकागदावरील त्याचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले. टिमोथी बॅरेट हा तरुण अमेरिकन १९७५ मध्ये जपानला गेला, तो कागद विकत घेण्यासाठी नव्हे, तर करावयास शिकण्यासाठी. त्याचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

फ्लॉरेन्सच्या १९६६ मधील पुरानंतर भिजलेल्या ग्रंथांच्या दुरुस्तीत जपानी कागद वापरला गेला व ग्रंथसंरक्षकांची मागणी वाढली. आज दर चौ. मी.ला दोन ग्रॅमहून हलका कागद कोची येथे यंत्रावरच होतो. इवामीच्या सेकिशू-बान्शी कागदाचा यूनेस्कोच्या सूचीत २००९ मध्ये समावेश झाला. २०१४ मध्ये होन-मिनोशी व होसोकावा-शी या कागदांसह ती नोंद विस्तारण्यात आली. त्याआधीच, १९८० नंतरच्या दशकात, याच इवामीतील मिसुमी गावाचा भूतानमधील कागद-कारागिरांशी संबंध जुळला होता आणि तेथील शिकाऊ उमेदवार मिसुमीस येऊ लागले होते.