‘मगवम्प’ : एका हेटाळणीची जन्मकथा

पक्ष सोडणाऱ्या आमदारास ‘आयाराम-गयाराम’ म्हणण्याची चाल आपल्याकडे १९६७ पासूनची. हरियाणातील गयालाल ह्या आमदाराने त्या वर्षी पंधरवड्याच्या आत तीनदा पक्ष बदलला, त्यावरून हा शब्द निघाला. परंतु पक्षाची वेस ओलांडून मत देणाऱ्या साध्या मतदारासाठी असा चपखल शब्द आपल्या बोलण्यात नाही. ह्याचे कारण आम्हांस मतदानाच्या गुप्ततेत दिसते. मतदान केंद्रावरील कामगिरी आमच्या वाट्यास अनेकदा आली. पण आडोशामागे गेलेल्या मतदाराने कोणास मत दिले हे आम्हांस कधी कळले नाही. जे दिसतच नाही त्यास नावे तरी कोण ठेवणार?

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ते सर्वांस दिसत असे. मतपत्रिका सरकार छापीत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापी, आणि ती पुष्कळदा रंगीत असे. मतदार ती हाती घेऊन चारचौघांदेखत पेटीत टाकी. एखादे नाव नापसंत असेल तर ते पेन्सिलीने खोडावे, अथवा त्यावर दुसऱ्या नावाची डिंक लावलेली पट्टी चिकटवावी, एवढाच मार्ग होता. अशांना ‘स्क्रॅचर’, म्हणजे खोडणारे, म्हणत. पक्षांच्या कारभाऱ्यांना ही खोडाखोड मुळीच खपत नसे. कॅलिफोर्नियात व्हॅलेहो येथे १८७१ मध्ये जंतासारखी अरुंद आणि इतक्या बारीक टायपाची चिठ्ठी निघाली की, तीवर पेन्सिल टेकण्यासही जागा उरली नाही. तिला लोकांनी नावही जंताचेच दिले!

अशा काळात, १८८४ च्या जूनमध्ये, शिकागो येथे रिपब्लिकन पक्षाने जेम्स ब्लेन ह्यांस अध्यक्षपदासाठी उभे केले. रेल्वे कंपन्यांशी असलेल्या व्यवहारांमुळे ब्लेन ह्यांच्या नावास डाग लागलेला होता. पक्षातील काही नामांकित मंडळींनी त्यांस मत देण्याचे साफ नाकारले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या ग्रोव्हर क्लीव्हलंड ह्यांचा उघड पुरस्कार केला. त्यांत जर्मनीतील १८४८ च्या उठावानंतर परागंदा होऊन आलेले आणि पुढे मंत्रिपद भूषविलेले कार्ल शुर्झ होते, संपादक जॉर्ज विल्यम कर्टिस होते, व्यंगचित्रकार टॉमस नास्ट होते. मार्क ट्वेन ह्यांनीही हीच वाट धरली. न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्राने ह्या मंडळींवर ‘मगवम्प’ हे नाव चिकटविले. शब्द मूळचा मॅसॅच्युसेट्समधील आदिवासींच्या भाषेतला. अर्थ नायक, सरदार. जॉन एलियट ह्यांनी १६६३ मध्ये त्या भाषेत बायबल छापले, त्यात सरदार ह्या अर्थी तो आला आहे. स्वतःस फार मोठे समजणारे, असा टोमणा ‘सन’ला मारावयाचा होता. मंडळींनी तो टोमणा बिरुदासारखा मिरविला. पुढे कोणी गमतीने फोड केली की, ‘मग’ म्हणजे तोंड आणि ‘वम्प’ म्हणजे बूड. ज्याचे तोंड कुंपणाच्या एका बाजूस आणि बूड दुसऱ्या बाजूस, तो मगवम्प. विनोद चटकदार असला तरी आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. ही माणसे कुंपणावर बसली नव्हती. भर दिवसा ते ओलांडून गेली होती.

न्यूयॉर्क राज्यात अकरा लाखांहून अधिक मते पडली, आणि क्लीव्हलंड तेथे बाराशेंहूनही कमी मतांनी पुढे राहिले. त्या राज्याच्या ३६ निर्वाचक मतांवर सारी निवडणूक फिरली. हा मगवम्पांचाच पराक्रम असे मात्र छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण मद्यबंदी पक्षाच्या उमेदवारासही तेथे सुमारे २५,००० मते पडली होती.

ह्या सदसद्विवेकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. क्लीव्हलंड ह्यांचा पक्ष हा दक्षिणेतील गोऱ्या वर्चस्वाचा पक्ष होता. त्याच्या विजयाने तेथील कृष्णवर्णीय नागरिकांच्या पोटात गोळा उठला. ब्लेन ह्यांचा भ्रष्टाचार ज्यांस असह्य झाला त्यांस ही भीती फारशी जाणवली नाही. थिओडोर रूझवेल्ट ह्यांस ब्लेन पसंत नव्हते, तरी ते पक्षातच राहिले. त्यांची कारणे निराळी होती, पण पक्षनिष्ठ तेवढे सारे लाचार असे मानण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून दिसते.

१८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सरकारी छपाईच्या गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला आणि थोड्याच वर्षांत बहुतेक राज्यांनी तो उचलला. पेन्सिल आणि डिंकपट्टी दोन्ही इतिहासजमा झाली. नावे तरीही पडतच राहिली. १९२८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार अल स्मिथ हे कॅथलिक, म्हणून दक्षिणेतील पुष्कळ डेमोक्रॅटांनी हूव्हर ह्यांस मते दिली. ते ‘हूव्हरक्रॅट’ ठरले. उलट, पक्षाने पिवळे कुत्रे उभे केले तरी त्यासच मत देऊ म्हणणारे ‘यलो डॉग’ डेमोक्रॅट ठरले. आमच्या मते येथे ओलांडणाऱ्यांची बाजू मगवम्पांहून पुष्कळच लंगडी होती.

‘रेगन डेमोक्रॅट’ हा शब्द त्यानंतरचा. मिशिगनमधील मॅकोम्ब ह्या मोटार-कामगारांच्या परगण्याने १९६० मध्ये केनेडी ह्यांस शेकडा ६३ मते दिली होती, त्यानेच १९८४ मध्ये रेगन ह्यांस शेकडा ६६ दिली. स्टॅन्ली ग्रीनबर्ग ह्या मतचाचणीकाराने १९८५ मध्ये तेथील मतदारांस लहान लहान गटांनी बोलावून त्यांची गाऱ्हाणी ऐकली, आणि तो परगणा देशभर प्रसिद्धीस आला. मगवम्पांस त्यांच्या शेजाऱ्यांनी ओळखून नाव ठेवले होते. मॅकोम्बच्या कामगाराने काय केले हे त्याच्या शेजाऱ्यासही ठाऊक नव्हते. ते मतमोजणीच्या तक्त्यावरून ताडावे लागले.