गाडीच्या पोटात गाडी

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेच्या ईशान्य भागातली कितीतरी निवृत्त जोडपी बांधाबांध सुरू करतात. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाची थंडी दुखऱ्या गुडघ्यांना सोसत नाही, म्हणून हिवाळाभर मुक्काम फ्लोरिडात. स्थलांतर करणाऱ्या पाखरांवरून त्यांना ‘स्नोबर्ड्स’ असं नावही पडलं आहे. मुक्काम तीन-चार महिन्यांचा असला तर मोटार सोबत लागते, कारण तिथल्या बहुतेक वस्त्यांत दूध-भाजी आणायलाही चालत जाता येत नाही. ती मोटार तिथवर न्यायची कशी, हा खरा पेच. वॉशिंग्टनच्या परिसरातून मध्य फ्लोरिडापर्यंत साधारण १,३७५ किलोमीटर. आय-९५ महामार्गावर अवजड ट्रकांच्या रांगेतून दोन दिवस स्टिअरिंग धरून बसणं सत्तरी ओलांडलेल्या माणसाला झेपतंच असं नाही.

या पेचावरचं उत्तर १९७१ साली आलं, आणि तेही अगदी अवेळी. त्याच वर्षी १ मे रोजी अमेरिकेतल्या बहुतेक खासगी रेल्वे कंपन्यांनी तोट्यातल्या प्रवासी गाड्या नव्या ‘अ‍ॅमट्रॅक’ या सरकारी महामंडळाच्या गळ्यात घालून सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्यानंतर सातच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, यूजीन गारफिल्ड या वकिलाने स्वतःची खासगी प्रवासी गाडी रुळांवर आणली. गारफिल्ड केंद्रीय परिवहन खात्यात काम करून बाहेर पडले होते. मोटारी आणि त्यांचे मालक एकाच गाडीतून न्यायची कल्पना त्या खात्याने अभ्यासली होती. ती त्यांनी उचलली आणि ‘ऑटो-ट्रेन कॉर्पोरेशन’ काढली.

मोटारींसाठी कॅनडातून जुने, दोन मजली बंदिस्त डबे घेतले. प्रवाशांसाठी सांता फे रेल्वेचे काचेच्या घुमटाचे डबे मिळाले. सगळ्यांना जांभळा, पांढरा, लाल असा भडक रंग दिला. गाडी व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून सुटायची आणि फ्लोरिडातल्या सॅनफर्डला पोचायची. न्यूयॉर्कहून का नाही? मोटारींचे डबे उंच. वॉशिंग्टनच्या आणि त्याच्या उत्तरेच्या बोगद्यांतून ते जाणारच नव्हते. म्हणून राजधानी ओलांडून दक्षिणेला, लॉर्टनला तळ पडला. उत्तरेकडच्या प्रवाशांना आजही तिथवर मोटार चालवतच यावं लागतं.

नशिबानेही साथ दिली. ऑक्टोबर १९७१ मध्येच सॅनफर्डपासून जवळ, ओरलँडोला डिस्ने वर्ल्ड उघडलं होतं. दोन वर्षांनी तेलसंकट आलं आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पण कंपनीने हातपाय फार पसरले. १९७४ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिलहून दुसरी गाडी सुरू केली, ती चालली नाही. १९७७ मध्ये गुंडाळावी लागली. १९७६ आणि १९७८ मध्ये मोठे अपघात झाले. १९८० मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली, आणि एप्रिल १९८१ च्या अखेरीस जांभळी गाडी थांबली.

गरज मात्र संपली नव्हती. ३० ऑक्टोबर १९८३ ला अ‍ॅमट्रॅकने त्याच दोन गावांदरम्यान ‘ऑटो ट्रेन’ पुन्हा सुरू केली, आधी आठवड्यातून तीनदा आणि वर्षभरातच रोज. ती आजही धावते. प्रवासी आणि मोटारींचे मिळून चाळीसच्या आसपास डबे, लांबी सव्वा किलोमीटरच्या घरात. मोटार नसलेल्याला इथे तिकीट मिळत नाही. वाटेत साउथ कॅरोलायनातल्या फ्लोरेन्सला चालक बदलतात, इंधन-पाणी भरतात. प्रवाशाला मात्र अधेमधे चढता-उतरता येत नाही.

या गाडीचा दिनक्रम बारकाईने पाहिला की म्हाताऱ्या माणसांनी कोणती काळजी घ्यावी तेही उमगतं. दुपारी मोटारीच्या दारावर क्रमांक चिकटतो, चावी कर्मचाऱ्याच्या हाती जाते आणि तो मोटार डब्यात चढवतो. त्यानंतर सकाळपर्यंत मालकाला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. रक्तदाबाची गोळी डिकीतल्या बॅगेत राहिली तर ती रात्र तिच्याविना काढावी लागते. औषधं, चष्मा, कानाचं यंत्र, शाल, एक कपड्यांचा जोड, एवढं हातातल्या पिशवीत आधीच वेगळं काढलेलं बरं. इन्सुलिन घेणाऱ्याने तर मोटार ताब्यात देण्यापूर्वी ही पिशवी पुन्हा एकदा उघडून पाहावी.

डबे दोन मजली आहेत आणि खरी मेख तिथेच आहे. एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट फक्त वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, वळणाचा. बसायच्या डब्यात बहुतेक आसनं वर आणि शौचालयं खाली, म्हणजे रात्री दोनदा उठणाऱ्याला हलत्या गाडीत दोनदा जिना उतरायचा. गुडघे दुखत असतील तर आरक्षण करतानाच खालच्या मजल्यावरची जागा मागावी. शयनयानात खाली चाकाच्या खुर्चीसाठीची खोलीही असते आणि तिथे शौचालय खोलीतच. अशा प्रवाशाला जेवणासाठी वर चढावं लागत नाही. डब्याचा सेवक ताट खोलीत आणून देतो. वरचा बर्थ उतारवयात टाळावा, हे तर आपल्याकडच्या कोणत्याही आजोबांना ठाऊक आहे.

सॅनफर्डला सकाळी उतरल्यावरही घाई उपयोगाची नाही. मोटारी चढवल्या त्या क्रमाने उतरत नाहीत, तासभर किंवा जास्तही खोळंबा होऊ शकतो. थोडे जादा पैसे भरून आपली मोटार आधी उतरवून घेता येते. ज्याला फार वेळ उभं राहवत नाही त्याने ते जरूर भरावेत.

युरोपात अशी गाडी अमेरिकेच्या आधीची. जून १९५५ मध्ये लंडनहून स्कॉटलंडमधल्या पर्थला मोटारींसह रात्रगाडी सुरू झाली. १९६६ मध्ये या सेवांना ‘मोटरेल’ नाव मिळालं, लंडनच्या केन्सिंग्टन ऑलिम्पियाला खास स्थानक झालं. मग महामार्ग रुंद झाले, मोटारी वेगवान झाल्या आणि १९९५ मध्ये, खासगीकरणाच्या धामधुमीत, मोटरेल बंद पडली. जर्मन रेल्वेनेही २०१६ मध्ये मोटारी नेणारी आपली सेवा सोडून दिली. काही मार्ग इतर कंपन्यांनी टिकवले. तोट्याच्या हिशेबात एक रकाना राहून जातो, असं वाटतं. धडधाकट माणूस रात्रभर गाडी हाकू शकतो. ज्याची नजर अंधारात कमी पडू लागली आहे त्याला दुसरा मार्ग उरत नाही.

म्हणूनच कोकण रेल्वेच्या प्रयोगाकडे आस्थेने पाहायला हवं. कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे. २०२५ च्या गणपतीत, ऑगस्टमध्ये, तिच्याच धर्तीवर मोटारींसाठी गाडी सोडली गेली. एका फेरीत चाळीस मोटारी, मोटारीमागे ७,८७५ रुपये, माणसांसाठी जोडलेल्या डब्याचं भाडं निराळं. संध्याकाळी पाचला कोलाड, पहाटे वेर्णा. पुढे सिंधुदुर्गातल्या नांदगाव रोडचा थांबाही दिला. पण मुंबईकराला महामार्गाचे खड्डे सोसत कोलाडला पोचायचं, तिथे तीन तास आधी हजर व्हायचं. आणि नांदगावला उतरलं तर रात्री दहाच्या सुमाराला अंधाऱ्या रस्त्याने गाव गाठायचं. घाटातली वळणं नको झालेल्या साठी-सत्तरीच्या चाकरमान्याला ही गाडी सर्वांत जास्त हवी आहे, आणि वेळापत्रक त्यालाच सर्वांत गैरसोयीचं. मोटारी चढवण्याची सोय मुंबईच्या अधिक जवळ आली, नांदगावला गाडी उजाडताना पोचली आणि गणपतीबरोबर शिमग्यालाही धावली, तर ती खऱ्या गरजूंपर्यंत पोचेल.