लोकानंता : सोलो शहरातील गाण्यांचा कारखाना

जावा बेटावरील सोलो, म्हणजे सरकारी दप्तरातले सुराकार्ता. या शहरात २९ ऑक्टोबर १९५६ रोजी इंडोनेशियाच्या सरकारने ध्वनिमुद्रिकांचा कारखाना सुरू केला आणि त्याचे नाव ठेवले 'लोकानंता'. जावाच्या पुराणकथांत लोकानंता हा स्वर्गातला गामेलान. गामेलान म्हणजे काशाच्या घंटा-थाळ्यांचा वाद्यमेळ. पण स्वर्गातला हा मेळ कोणी न वाजवता आपोआप वाजतो! नाव गोड खरेच. परंतु आमची हयात कामगारांत गेली. आपोआप वाजणारे वाद्य म्हटले की वाजवणारा कुठे बसला आहे, हेच आम्ही आधी पाहतो.

देश हजारो बेटांचा, नुकताच डचांच्या हातून सुटलेला. रेडिओ रिपब्लिक इंडोनेशियाची केंद्रे दूरदूर विखुरलेली, आणि परदेशी गाण्यांचा सुकाळ. एका बेटावरचे गाणे दुसऱ्या बेटावर ऐकवायचे तर त्याची तबकडी करून धाडणे हाच उपाय. म्हणून लोकानंताच्या पहिल्या तबकड्या विकायला नव्हत्याच. त्या फक्त नभोवाणी केंद्रांकडे जात. सामान्य माणसाला त्या पुढे मिळू लागल्या, आणि १९६१ साली लोकानंता रीतसर सरकारी कंपनी झाली.

येथे कोणाकोणाचा आवाज उतरला! छायाबाहुल्यांच्या खेळातून रात्र रात्र महाभारत सांगणारे की नार्तोसब्दो, १९५८ साली नभोवाणीच्या गानस्पर्धेतून पुढे आलेली वालजिना, आणि गेसांग. गेसांग सोलोचेच, बासरीवर सूर जुळवीत आपणच शिकलेले. आपल्या नदीवर त्यांनी १९४० साली 'बेंगावान सोलो' हे गीत रचले. जपानी सैनिक ते गुणगुणत मायदेशी गेले, गाणे तिकडे घरोघर झाले. रचणाऱ्याच्या पदरी मोबदला मात्र बराच काळ पडला नाही. हा अनुभव गिरणीतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

१९६२ साली जाकार्ताला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. (आपल्या फुटबॉल संघाने सुवर्णपदक मिळविले, त्याच.) पाहुण्यांना भेट म्हणून लोकानंताने लोकगीतांची एक तबकडी काढली, तीत 'रासा सायांगे' होते. पुढे २००७ साली मलेशियाने हे गीत पर्यटनाच्या जाहिरातीत वापरले, तेव्हा इंडोनेशियात संतापाची लाट उसळली आणि हीच जुनी तबकडी पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. आमच्या मते हा पुरावा अपुरा आहे. कर्ता अज्ञात असलेले गाणे समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या तोंडी असते. तबकडी फार तर एवढेच सांगते की ते कोणी जपून ठेवले. पण जपून ठेवणे ही काय लहान गोष्ट आहे?

आणि गंमत अशी की पुरावा हवा झाला तेव्हा कंपनीच उरली नव्हती. सत्तरच्या दशकात कॅसेटी आल्या. लोकानंतानेही त्या काढल्या, खपल्याही. पण नकला करणारे चोर त्याहून चपळ. देशाचा पहिला स्वामित्वहक्काचा कायदा १९८२ साली आला, तोवर चोरी अंगवळणी पडली होती. १९९९ साली माहिती खातेच बरखास्त झाले आणि लोकानंताचे छत्र गेले. २००१ साली कंपनी मोडीत निघाली. २००४ साली ती सरकारी छापखान्याच्या पदराला बांधण्यात आली. पोट भरण्यासाठी कारखान्याची एक जागा बंदिस्त फुटबॉल खेळायला भाड्याने दिली गेली.

हजारो तबकड्या आणि मूळ फिती मात्र तेथेच होत्या. दमट हवेत फितीला बुरशी लागते, ती पुसावी लागते. उरलेल्या मूठभर नोकरांनी ते केले, आणि एकेक फीत वाजवून ती संगणकावर उतरवून घेतली. २०१२ साली तरुण गायक त्या जुन्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी येऊ लागले. २०२३ साली आवाराची डागडुजी होऊन संग्रहालयासह ते लोकांना खुले झाले. गेसांग मात्र २०१० सालीच वारले होते.