दंड हाती, कान आधी

माउलींनो, आळंदीच्या पालखी सोहळ्यात समाज आरतीला चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात. हैबतबाबा आरफळकरांनी घडी बसवलेल्या सोहळ्याची ही रीत. ज्याच्या हाती दंड, त्यानं आधी ऐकायचं.

आपल्या करवीर नगरीत एका राजानं कारभारातही असंच केलं. राजर्षी शाहू महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिलं. त्यात बहुजनांची पोरं टिकेनात. महाराजांनी हट्ट धरला नाही, वाट बदलली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी समाजाची बोर्डिंगं निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडलं. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना मदत केली, अनुदानं बांधून दिली. पण कारभार त्या त्या समाजातल्या लोकांच्या हाती सोपवला. जातवार बोर्डिंगांनी जातच पक्की होईल, असा आक्षेप आला. पण खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात राहून शिकायला जागा मिळाली, आणि संस्था कशी चालवायची हे त्याच्या समाजालाही उमगलं.

२१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावात बहिष्कृतांची परिषद भरली. अध्यक्ष होते बाबासाहेब आंबेडकर, वय अवघं २८. महाराज स्वतः तिथं गेले आणि तुम्ही तुमचा पुढारी शोधलात, याचा आनंद त्यांनी बोलून दाखवला. राजा असून त्यांनी पुढारीपण दुसऱ्याकडं जाऊ दिलं.

आपली दिंडी शंभरी ओलांडते आहे. वीणा एकाच्या गळ्यात असते, पण ती एकाची नसते. पुढच्या काळात हिशेबाच्या बैठकीला तुळस डोक्यावर वाहणाऱ्या आणि चुलीपुढं बसणाऱ्या मायमाउल्या असतील का? पाण्याचा टँकर नि तंबू सांभाळणारी पोरं असतील का? पुढची शंभरी यावरच ठरेल. म्हणून आम्ही एवढंच मागतो: कुणाचा टाळ वाजत राहिला, तर तो दाबू नये. थांबावं, जवळ जावं, ऐकावं.

रामकृष्ण हरि!