लॅपटॉप मुद्दाम मंदावतो

चार्जर काढला की लॅपटॉप मंदावतो. माझे विद्यार्थी त्याला बिघाड समजतात, पण ही मुद्दाम केलेली सोय आहे. जानेवारी २००० मध्ये इंटेलने ‘स्पीडस्टेप’ आणले. ६५० मेगाहर्ट्झचा मोबाइल पेंटियम-३ बॅटरीवर ५०० पर्यंत उतरे आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ होई. वेग पाव हिश्शाहूनही कमी घटला, पण प्रोसेसरची वीज जवळजवळ निम्मी वाचली! कारण हा खर्च व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो (वर्ग गणितातला, शाळेतला नव्हे). खरी करामत मला तिथेच दिसते. त्याच महिन्यात आलेल्या ट्रान्समेटाच्या ‘क्रूसो’ने तर कामाचा भार पाहून वेग आणि व्होल्टेज दोन्ही बदलण्याची सोय आणली. आज चिप फार तापली, तर चार्जर लावलेला असतानाही वेग उतरतो. म्हणून लॅपटॉप भंगारात देण्याआधी पंख्यातली धूळ काढून पाहा.