गर्दीत एकाचंच बोलणं कसं ऐकू येतं? आणि फोनला ते का जमत नाही?



लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसलात की एका टेबलावर आठ-दहा जण एकदम बोलत असतात. तरी शेजारच्या मित्राचं बोलणं तुम्हाला बरोबर कळतं. पण तेच फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐकलं तर नुसता कालवा! फोनचा माइक खराब असतो म्हणून असं होत नाही. मी आवाजावर काम करणाऱ्या ॲपसाठी कोड लिहितो आणि हा प्रश्न मला खूपदा विचारला जातो, म्हणून आज तो नीट समजून घेऊया.

कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम म्हणजे काय?

अनेक जण एकाच वेळी बोलत असताना एकाचं बोलणं वेगळं काढून समजून घेणं, याला 'कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम' म्हणतात. १९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने यावर प्रयोग केले. त्याने हेडफोनच्या दोन बाजूंना दोन वेगळे संदेश लावले आणि लोकांना एकाच कानातलं बोलणं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. लोकांना ते सहज जमलं. पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं? पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला, तर ते लोकांच्या लक्षात आलं. बोलणारा इंग्रजी सोडून जर्मन बोलायला लागला, हे मात्र कळलं नाही.

पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे याला दिसलं की ज्या कानाकडे लक्ष नाही त्यात स्वतःचं नाव आलं, तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येतं. म्हणजे मेंदू दुसरा आवाज पूर्ण बंद करत नाही, फक्त मागे ढकलतो.

मेंदू कशाची मदत घेतो?

१. दोन कान: उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. आपला मेंदू चांगल्या परिस्थितीत सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही पकडू शकतो. त्यावरून आवाज कुठून आला ते कळतं.

२. आवाजाची पट्टी: प्रत्येकाच्या आवाजाची पट्टी आणि पोत वेगळा असतो. ओळखीचा आवाज पकडणं आणखी सोपं.

३. चेहरा: ओठांची हालचाल दिसली की गोंगाटातही शब्द जास्त कळतात.

४. अर्थ: अर्धा शब्द हुकला तरी 'जेवण झालं का' हे आपण अंदाजाने पूर्ण करतो.

रेकॉर्डिंगमध्ये चेहरा जातो आणि दिशाही बहुतेक निघून जाते. म्हणून तो कालवा वाटतो.

मग फोन काय करतो?

बऱ्याच फोनमध्ये एक माइक खाली आणि एक वर असतो. दोघांत १५ सेंमी अंतर धरलं, तर आवाजाला ते पार करायला सुमारे ०.४४ मिलिसेकंद लागतात. फोन सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजत असेल, तर हा फरक जेमतेम २१ मोजमापांचा होतो. तेवढ्यावरून फोन दिशेचा अंदाज घेतो आणि एका बाजूचा आवाज वाढवतो. याला 'बीमफॉर्मिंग' म्हणतात.

दुसरा भाग म्हणजे नॉइज कॅन्सलेशन. त्यातल्या एआय मॉडेलला शिकवलेलं असतं: माणसाचं बोलणं ठेव, बाकीचं काढ. म्हणून पंखा, ट्रॅफिक, मिक्सर हे मस्त गायब होतात. पण शेजारी बसलेल्या काकांचं बोलणंही 'माणसाचं बोलणं'च आहे ना! मॉडेलच्या दृष्टीने ते नॉइज नाहीच.

खरी अडचण: कोणाचं ऐकायचं?

दोन मिसळलेले आवाज वेगळे करणारी मॉडेल्स आता आहेत. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेलं 'कॉन्व्ह-टॅसनेट' हे त्यातलं गाजलेलं. पण अशा मॉडेल्सची चाचणी बऱ्याचदा स्वच्छ, वाचून दाखवलेल्या वाक्यांवर होते. आपल्या घरी एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू होतो, मागे टीव्ही असतो, भिंतीवरून आवाज घुमतो. तिथे निकाल खाली येतो.

आणि समजा आवाज वेगळे झाले, तरी त्यातला तुम्हाला हवा तो कोणता? हे आवाजात कुठेच लिहिलेलं नसतं. ते तुमच्या मनात असतं. गुगलच्या 'व्हॉइसफिल्टर' या २०१८ च्या संशोधनात हव्या त्या माणसाच्या आवाजाचा नमुना आधी द्यावा लागतो, मग मॉडेल तेवढाच आवाज ठेवतं. मला विचाराल तर वेगळं करण्यापेक्षा निवडणं जास्त अवघड आहे.

हे कोणासाठी महत्त्वाचं आहे?

आपल्याला कॉल नीट ऐकू आला नाही तर आपण परत लावतो. पण माझ्या आजीसारख्या श्रवणयंत्र लावणाऱ्यांचं काय? खोलीत दोघीच असलो, म्हणजे आजी आणि मी, तर गप्पा छान होतात. सगळे जमले की ती गप्प होते. लोक म्हणतात, 'मशीन लावलंय ना, मग ऐकू कसं येत नाही?' ऐकू येतं, पण वेगळं होत नाही. वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज कमी होतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजनं हुकतात. शिवाय मिसळलेले आवाज सुटे करण्याची कानाची ताकदही घटते. यंत्र आवाज मोठा करतं, पण आजीचं लक्ष कोणाकडे आहे हे त्याला कळत नाही.

आत्ता काय करता येईल?

- कॉलवर फोन तोंडाजवळ धरा. आयफोन असेल तर कॉल चालू असताना 'व्हॉइस आयसोलेशन' हा माइक मोड लावून बघा.
- मीटिंग किंवा मुलाखत रेकॉर्ड करताना फोन बोलणाऱ्याजवळ ठेवा. दोघे बोलणार असतील तर दोघांजवळ एकेक फोन ठेवणं सगळ्यात चांगलं.
- घरात श्रवणयंत्र वापरणारं कोणी असेल तर टीव्ही बंद करा, समोर उजेडात बसा आणि एका वेळी एकानेच बोला. ओरडू नका, शब्द स्पष्ट आणि थोडे सावकाश बोला.
- हॉटेलमध्ये त्यांना गोंगाटाकडे पाठ येईल असं बसवा. बऱ्याच श्रवणयंत्रांचे माइक समोरचा आवाज जास्त पकडतात, मागचा कमी.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना कुठलंही ॲप लागत नाही. पुढच्या वेळी सगळे जमाल तेव्हा नक्की करून बघा.